जुन्या फोटोपासून वंशावळीपर्यंत: सातारा-सांगलीकडच्या घराण्यांनी शोध कसा घ्यावा

भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतला माणूस नेमका कोण, हे बहुतेक घरांत एखाद्यालाच खात्रीनं ठाऊक असतं, आणि ते माणूस ऐंशीच्या पुढचं असतं. तहसीलातले कागद पुढच्या वर्षीही तिथंच असतील. आजीची आठवण असेलच असं नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी माणसं, मग फोटो, मग दप्तर. अनेक जण उलटं करतात. पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन तहसीलात जातात, नाव माहीत नाही, साल माहीत नाही, आणि रिकाम्या हातानं परततात.

विचारायचं कसं

ग्रुप फोटो असेल तर त्याची ए-फोर आकाराची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक चेहऱ्यावर लाल पेनानं आकडा घाला. मूळ फोटो हातात फिरवू नका. "हे आपले पणजोबाच ना?" असं विचारलं की वयस्कर माणूस मान डोलावतं आणि चूक पक्की होते. "तीन नंबरला कोण बसलंय? तुम्ही त्यांना काय म्हणत होता?" असं विचारा. दोन वडीलधाऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, कुणाचं बरोबर हे तिथंच ठरवू नका. फोनवर रेकॉर्डिंग करा, कारण लिहिताना निम्मं निसटतं.

घरातलं नाव आणि कागदावरचं नाव यांत मोठं अंतर असतं. आबा, तात्या, नाना, बापू, आक्का ही हाक मारायची नावं. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, ती सापडणार नाहीत. बायकांचं तर लग्नात नावच बदललेलं असतं. म्हणून प्रत्येकाबद्दल चार गोष्टी विचाराव्यात: हाक मारायचं नाव, कागदावरचं नाव, माहेर किंवा मूळ गाव, आणि कुणाचा कोण.

साल विचारून सांगता येत नाही, पण घटना सांगता येते. १९१८ ची मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ, पत्री सरकारचे दिवस, गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. "भूकंपात ही भिंत पडली तेव्हा हा फोटो भिंतीवर होता का?" या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. १९४८ च्या जाळपोळीत या भागातले अनेक वाडे जळाले आणि त्यांतली घरातली दप्तरंही गेली. अशा घरांनी स्वतःच्या ट्रंकेपेक्षा सरकारी नक्कल आणि नातेवाइकांकडचे फोटो यांवरच भिस्त ठेवावी.

फोटोतून काळ काढणं

फ्रेम भिंतीवरून उतरवली की टेबलावर स्वच्छ कापड टाकून पालथी ठेवा. मागचे बारीक खिळे पक्कडीनं सरळ करून हळू काढा. मागचा पुठ्ठा किंवा पातळ फळी उचलण्याआधी फोनवर फोटो घ्या आणि पुढचा प्रत्येक थर उघडल्यावरही घ्या. फ्रेमवाले फोटो घट्ट बसावा म्हणून मागे वर्तमानपत्राची घडी घालत. त्यावर तारीख मिळाली तर फ्रेम त्या तारखेच्या आधीची नाही हे नक्की झालं. फोटो मात्र त्याहून कितीही जुना असू शकतो. काच आणि फोटो चिकटले असतील तर तिथंच थांबा. ओढलं तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा.

आता एक गोष्ट नीट पाहा. हार घातलेला एकट्याचा मोठा फोटो बहुतेकदा माणूस वारल्यावर ग्रुप फोटोतून वाढवून केलेला असतो. मागची पार्श्वभूमी सपाट राखाडी, खांद्याच्या कडा कापल्यासारख्या, भुवया-मिशा पेन्सिलीनं गडद केलेल्या, आणि कधी शेजारच्याचा खांदा तसाच राहिलेला दिसतो. असा फोटो दिसला की मूळ ग्रुप कुणाकडे आहे ते शोधा. भाऊबंदांपैकी कुणाच्या तरी ट्रंकेत तो असतो, आणि त्यातले बाकीचे चेहरेच काळ ठरवायला मदत करतात.

कागदाचा प्रकार ओळखता येतो. पातळ कागद, पिवळट-तपकिरी छटा, आतले तंतू दिसतात आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर तो बहुधा अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद), म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. पुठ्ठा साधारण ६.५ बाय १०.५ सेंटीमीटरचा असेल तर कार्त-द-व्हिझिट, ११ बाय १६.५ च्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड. विसाव्या शतकातले बहुतेक काळे-पांढरे फोटो जिलेटिन सिल्व्हरचे, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेले. तिरपा धरला की गडद भागात आणि कडांना निळसर धातूसारखी चकाकी दिसते, ती चांदी वर आल्याची खूण. दातेरी कडांचे छोटे फोटो साधारण चाळीस ते साठच्या दशकांतले. सहा बाय सहा सेंटीमीटरचा चौकोनी फोटो बॉक्स कॅमेऱ्याचा किंवा आग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता असते. निगेटिव्हच्या कडेला 'इंदू' असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीनंतरची. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो तांबूस झालेले असतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो.

पण आपल्या भागात सर्वांत बोलका असतो तो मागचा शिक्का. स्टुडिओच्या पत्त्यात 'जि. द. सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' असेल तर फोटो किंवा निदान शिक्का १९४९ ते १९६० मधला. १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आसपासच्या संस्थानांतला मुलूख मिळून हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 'औंध संस्थान', 'मिरज संस्थान' असा पत्ता म्हणजे १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा. दर आण्यांत लिहिला असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण तेव्हा नवे पैसे आले. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. स्टुडिओवाले जुने शिक्के वर्षानुवर्षं वापरत, म्हणून शिक्क्यावरून 'याच्या आधीचा नाही' हे पक्कं कळतं. 'याच्या नंतरचा नाही' हे तितकंसं पक्कं नसतं.

कपड्यांवर फार विसंबू नका. गांधी टोपी १९२० नंतरची हे खरं, पण पगडी-फेटा पुढेही दशकं टिकला. गावाकडे नऊवारी तर कालपर्यंत होती. स्टुडिओत कोट आणि घड्याळ उसनं मिळायचं. कोटावरून माणूस नोकरदार होता असं ठरवू नये.

हे सगळं एका उदाहरणात लावून पाहा. मिरजेच्या स्टुडिओचा शिक्का, 'जि. द. सातारा', आईच्या मांडीवर अंदाजे दोन वर्षांचा मुलगा. फोटो १९४९ ते १९६० मधला धरला तर मुलाचा जन्म १९४७ ते १९५८ मधला. तो सहा-सात वर्षांचा होऊन पहिलीत गेला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरात १९५३ ते १९६५ या सालांत शोधायचं. बघता बघता न संपणारा शोध तेरा वर्षांच्या नोंदींवर आला. फोटोचा उपयोग याच्यासाठी: कुठल्या रजिस्टराची कुठली पानं उलटायची हे तो सांगतो.

स्कॅन करताना पोस्टकार्डाच्या आकारापर्यंतचा फोटो ६०० डीपीआयला, पासपोर्ट किंवा सहा बाय सहाचा १२०० ला घ्या. काळा-पांढरा असला तरी रंगीतमध्येच, कारण डाग आणि छटा यांतही माहिती असते. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा. मागची बाजू कोरी दिसली तरी स्कॅन करा. फिकट पेन्सिल डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर उजेड वाढवला की दिसते. फोननं काढायचा असेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. काचेवर प्रतिबिंब येत असेल तर फोनच्या मागे काळं कापड धरा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि चेहरे पुसट होतात.

गाव कुणाच्या राज्यात होतं?

दप्तराचा पहिला प्रश्न हाच. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातले तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. आटपाडी आज सांगलीत, पण ती औंध संस्थानची. फलटण आणि जत ही स्वतंत्र संस्थानं. सांगली संस्थानचा मुलूख तर विखुरलेला होता: मंगळवेढे आज सोलापुरात, शिरहट्टी-तेरदाळ कर्नाटकात. त्यामुळे पणजोबा 'सांगलीकर सरकारच्या गावचे' होते म्हणून कागद सांगलीतच मिळतील असं नाही. गावाची माहिती आधी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरात (जिल्हावार माहितीग्रंथात) पाहा. साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे. दक्षिण मराठा जहागिरी, म्हणजे सांगली-मिरजेसारखी संस्थानं, कोल्हापूरच्या खंडात येतात.

कोयना धरणात घर गेलेल्यांनी मूळ गावाचं नाव आधी पक्कं करावं. गाव बुडालं तरी त्याच्या नावाचं दप्तर असू शकतं. विस्थापित कुटुंबांच्या याद्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेत विचारावं. त्यांतल्या याद्यांमध्ये कुटुंबातली माणसं नावानिशी मिळू शकतात.

कोतवाल बुक, शाळा, फेरफार

जन्म-मृत्यूची आजची नोंदणी १९६९ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून चालते. त्याआधीच्या गावच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आणि ती बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि गाव, सालांची मर्यादा, नोंदीचा प्रकार हे तिन्ही लिहा. "आमच्या घराण्याचे सर्व रेकॉर्ड" असा अर्ज केला की तो पडून राहतो. "मौजे अमुक, सन १९१५ ते १९२२, गाव नमुना १४, पाहणीसाठी" असा केला की कारकुनाला बस्ता काढता येतो. दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: फी दहा रुपये, मुदत तीस दिवस.

कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुधा नसतं. 'मुलगा', 'मुलगी' एवढंच, आणि बापाचं नाव. बारसं नंतर व्हायचं, नोंद आधी. म्हणून बापाच्या नावानं शोधा. आडनाव असेलच असं नाही. 'तुका बिन राघू' म्हणजे राघूचा मुलगा तुका, 'वलद' म्हणजेही मुलगा, आणि 'सगुणा कोम बाळा' म्हणजे बाळाची बायको सगुणा. एकाच गावात एकाच काळात तीन 'तुका बिन राघू' असू शकतात. जात, वस्ती आणि मृत्यूची नोंद जुळल्याशिवाय आपला तुका ठरवू नका.

शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख आणि सोडून कुठं गेला ते, सगळं एका ओळीत. जन्मतारीख एक जून दिसली की सावध व्हा. प्रवेशाच्या वयात बसावं म्हणून मास्तर सर्रास तीच तारीख घालत. साल बहुधा वर्ष-दोन वर्षं इकडचं तिकडचं असतं; दिवस तर सोडूनच द्या.

खरं सोनं आहे फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तेव्हापासून जमीन असलेल्या घरात कुणी वारलं की वारस नोंद होत आली आहे. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात करून एकेका क्रमांकाची नक्कल काढत मागे जा. प्रत्येक वारस फेरफारात 'अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांस वारस' असं लिहून मुलगे, विधवा पत्नी आणि पुढच्या काळात मुली यांची नावं असतात. एक पायरी मागे गेलात की एक पिढी मागे गेलात.

इथं १९५६ हे साल लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुली सहसा नसतात. नंतरच्यांत मुलींची सासरच्या नावांसह, अनेकदा गावासह नोंद सापडते. आत्या-पणआत्यांचा शोध अडला असेल तर साठ-सत्तरच्या दशकांतले वारस फेरफार आणि हक्कसोडपत्रं काढा. ज्या बाईचं नाव घरात कुणालाच आठवत नाही ती तिथं सहीच्या जागी अंगठा उठवून उभी असते.

काही संक्षेप ठाऊक हवेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्याआधी ज्याचं नाव आहे तो तेव्हा सज्ञान नव्हता, म्हणजे त्याचं वय अंदाजता येतं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन एकाच्या नावे दिसली तरी भाऊ आणखी असणार. घर शहरात असेल तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही मागा. घर कुणाकडून आणि कसं आलं हे त्यात लिहिलेलं असतं.

सरकारी दप्तराबाहेर

आपल्या भागाचं मोठं भाग्य म्हणजे हेळवी. पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या घरांत येऊन वंशावळ वाचून दाखवणारे आणि नव्या जन्मांची भर घालणारे हे लोक कृष्णाकाठच्या अनेक गावांत अजून येतात. ते आले की बिदागी देऊन निवांत बसवा, वही वाचून घेताना परवानगीनं रेकॉर्डिंग करा, आणि कुठल्या मूळ गावाहून घराणं आलं हे आवर्जून विचारा. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या कागदाशी ताडून घ्याव्यात. त्यामागचं परंपरा म्हणून नोंदवावं.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावानुसार आणि आडनावानुसार असतात. क्रियाकर्मासाठी आलेल्यांची नावं, सोबत कोण होतं, कधी आले हे त्यांत सापडतं, आणि कधीकधी पणजोबांची स्वतःच्या हातची सही.

घरात कुणी फौजेत असेल, आणि साताऱ्यात असं घर न सापडणं कठीण, तर युद्धात कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर मोफत आहे. त्यात अनेकदा बापाचं नाव आणि गाव असतं. इंग्रजी स्पेलिंग वाट्टेल तसं असतं, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं घालून बघा आणि रेजिमेंटवरून गाळा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांची नावं बसरा स्मारकाखाली मिळतात. परत आलेल्यांची नावं या यादीत नसतात. त्यांच्यासाठी सैनिक नंबर हाताशी घेऊन रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहावं लागतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नंबर बहुधा मेडलच्या कडेवर कोरलेला असतो. मेडल पॉलिश करू नका, घासून अक्षरं जातात.

वतनदार-इनामदार घराण्यांनी पुणे पुराभिलेखागार गाठावं. इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे १८५२ नंतर हक्क शाबीत करताना दिलेल्या कैफियती आणि वंशावळी तिथं आहेत. त्या मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, ओळ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ते केले की निदान नाव आणि गाव ओळखता येतं. बाकीसाठी जाणकार वाचक गाठा आणि त्याला मूळ कागद न देता स्कॅन द्या.

तारखा बदलून घ्याव्या लागतात. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र लागेपर्यंत ७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, ५९०, फसली वर्ष मृगापासून म्हणून फसली १३२८ म्हणजे १९१८-१९. मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९, आणि तो अरबी शब्दांत येतो: 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१८, अर्थात १८१७-१८. जुन्या कुंडलीत शकाबरोबर संवत्सराचं नाव असतं ते ताडून पाहा. शके १८४० ला कालयुक्त संवत्सर होतं. कुंडलीत तो शक आणि दुसरंच नाव असेल तर नकलताना कुणीतरी चुकलं आहे.

नाव कधी द्यायचं

चेहऱ्याला नाव द्यायचं ते दोन स्वतंत्र पुरावे जुळल्यावर. आजीनं सांगितलं आणि मावशीनं सांगितलं, पण मावशीनं ते आजीकडूनच ऐकलं असेल, तर तो एकच पुरावा. प्रत्येक नावापुढे ते कशावरून ठरवलं हे लिहा: 'मागच्या लिखाणावरून', 'मोठ्या काकूंनी सांगितलं, मार्चमध्ये', 'फेरफार क्रमांकावरून'. नक्की नसेल तर 'बहुधा' लिहा. एकदा चुकीचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं की ते परत येत नाही. पुढची पिढी त्याच नावानं श्राद्ध घालते.

जुन्या कागदी फोटोवर मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथं पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. बॉलपेन, फेविकॉल, सेलोटेप, चिकट पानांचे अल्बम हे चारही दूर ठेवा.

ओले झालेले फोटो

२००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगली-मिरजेकडच्या घरांसाठी हे वेगळं लिहायला हवं. भिजलेला गठ्ठा तसाच उचला, एकेक सोलू नका. उथळ ट्रेमध्ये गार स्वच्छ पाणी घेऊन गठ्ठा बुडवा. दहा-वीस मिनिटांत फोटो आपोआप सुटायला लागतात. गाळ बोटानं पुसू नका, ट्रे हलवून पाणी बदला. चित्राच्या बाजूला हात लावायचाच नाही, ओल्या जिलेटिनचा थर साईसारखा निघून येतो. मग पांढऱ्या सुती कापडावर चित्र वर करून, सावलीत, पंख्याचा झोत न लावता वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. ऊन नको, फोटो वळतो आणि तडकतो. हातानं रंगवलेले फोटो पाण्यात बुडवू नका, रंग धुऊन जातो. ते तसेच सपाट वाळवा.

दोन दिवसांत सगळं उरकणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडे थोडे बाहेर काढा. गोठल्यानं बुरशी थांबते. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवू नका. आणि भिजून मग वाळून एकमेकांना घट्ट चिकटलेला गठ्ठा घरी सोडवायला जाऊ नका. तो कोरड्या डब्यात ठेवून कागद-फोटोंच्या संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा.